आमच्या घरचा तक्रार विभाग

माझे सासरे आयुष्यभर टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात होते. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांना फोन करायचे, रडायचे, भांडायचे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी शांतपणे सांगायचे, "आमच्याकडून लाइन ठीक आहे. दोष तुमच्या बाजूला आहे." हे वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं की सासूबाई होत्या तेव्हा नळाला पाणी नाही म्हणाल्या, तरी त्यांना हेच ऐकायला मिळायचं. गल्लीत त्यांना सगळे हॅलोकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण जित्याची खोड. दिवसातून दहादा आतल्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर उचलायचा, डोळे मिटून डायलटोन ऐकायचा, मान डोलवायची आणि ठेवून द्यायचा. तो फोन आता वाजतो कशाला? एक विमा विकणारी बाई आणि एक राँग नंबर, एवढीच आमची कीर्ती. मी एकदा म्हटलं, "बाबा, सारखं काय ऐकायचं त्यात?" तर म्हणाले, "लाइन जिवंत आहे का बघावं लागतं. ती आपणहून सांगत नाही." मी म्हटलं बरं. म्हातारा माणूस, करमत नसेल.

मग त्याच फोनच्या लाइनीवर आम्ही इंटरनेट घेतलं. घेतलं ते माझ्यासाठी. मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली होती आणि तेव्हापासून कुणी विचारलं की ही काय करते, तर आमचे हे चटकन उत्तर द्यायचे, "काही नाही, घरीच असते." काही नाही! चौघांचा स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, बाबांच्या गोळ्या, यांचे हरवलेले मोजे, आणि त्याची बेरीज काही नाही. ते वाक्य ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्यामुळे घरात बसून करायची नोकरी निघाली आहे, असं मैत्रिणीने कळवलं तेव्हा मी त्याच दिवशी अर्ज केला. काम म्हणजे एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. आमची नव्हे, दुसरीच कंपनी. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. ही नोकरी मला हवीच होती. नाहीतर 'घरीच असते' हे माझ्या फोटोखालीसुद्धा लिहिलं असतं यांनी.

मोडेम बसवायला माणूस आला. बाहेरच्या खोलीत टेबलावर त्याने मोडेम ठेवला, तारा जोडल्या, दिवे हिरवे झाले. आत जाऊन बाबांच्या फोनलाही काहीतरी लावून आला. जाताना त्याने यांना काय काय सांगितलं. हे मोबाईलमध्ये डोकं घालून "हो, हो" म्हणाले. यांच्या 'हो, हो'ची किंमत मला माहीत आहे, पण मी तेव्हा गॅसवर दूध ठेवून उभी होते.

दोन दिवस बरे गेले. मग नेट तुटायला लागलं. चांगलं चाललेलं असताना मोडेमवरचा लाइनचा दिवा लुकलुकायचा, सगळं थिजायचं, आणि थोड्या वेळाने आपलं आपण सुरू व्हायचं. मोडेम बंद करून चालू केला. जागा बदलली. तारा ओढून पाहिल्या. यांनी मोडेमला पंख्याखाली ठेवलं, म्हणाले तापत असेल. माझ्या तर नाकी नऊ आले.

बाबांना मात्र नवं आयुष्य मिळालं. नेट गेलं की आम्ही हाका मारायचो, "बाबा, बघता का जरा?" ते चष्मा लावून यायचे, मोडेमकडे वैद्यासारखं बघायचे आणि आत जाऊन कंपनीला फोन लावायचे. मग मी बाहेरून दिवे सांगायची आणि ते आतून तिकडच्या मुलीला सांगायचे.

"दिवा आत्ताही लुकलुकतोय," बाबा सांगायचे. "आत्ता, या क्षणाला."

ती मुलगी लाइन तपासायची आणि म्हणायची, "सर, आमच्याकडून लाइन ठीक आहे. दोष तुमच्या बाजूला आहे."

आता हे वाक्य बाबांना ऐकवायचं म्हणजे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हातातला रिसीव्हर त्यांनी लांब धरून पाहिला. मग त्या पोरीला असं काही फैलावर घेतलं, की आम्ही अशी उत्तरं देत होतो तेव्हा तुझा जन्म नव्हता झाला. रिसीव्हर आपटला. आणि थोड्या वेळात दिवा हिरवा.

"बघ," बाबा बाहेर येऊन म्हणाले, "चार शब्द सुनावले की कामं होतात."

दर वेळी असंच. बाबांनी सुनावलं की नेट यायचं. हे तर म्हणायला लागले, बाबांना कंपनीने पगार द्यायला हवा. मीही मान डोलवली. मुलाखतीसाठी मी दुपार दुपार त्या कामाचे व्हिडिओ बघत होते, मोडेम, तारा, दिवे, सगळं वहीत उतरवत होते, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसत नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मुलाखतीच्या दिवशी मी वर इस्त्रीचा ड्रेस आणि खाली घरातली सलवार घालून टेबलापाशी बसले. मुलगी शाळेत, हे कामावर. बाबांना सांगून ठेवलं, की आज काही झालं तरी नेट जाता कामा नये.

"तू काळजीच करू नकोस," बाबा म्हणाले. "मी लाइनीवर लक्ष ठेवतो."

समोर एक बाई आणि एक बाप्या होते. दोघं सज्जन वाटले. मी बरी बोलत होते. मग बाईंनी विचारलं, "समजा, ग्राहक सांगतो की नेट सारखं जातं आणि आपोआप परत येतं. लाइन तर ठीक आहे. तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल?"

मी तोंड उघडलं आणि बाई थिजल्या. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. मोडेमवरचा दिवा लुकलुकत होता.

मी अशी उठले की खुर्ची मागे पडली. आत जाते तर काय, बाबा पलंगाच्या कडेला ताठ बसलेले, रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले.

"डायलटोन एकदम स्वच्छ," ते डोळे न उघडता म्हणाले. "तू बिनधास्त बोल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. फोनची तार सरळ भिंतीत गेली होती, मधे काही नव्हतं. आणि परवाच पाहिलेल्या व्हिडिओतला माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो हातात एक पांढरी डबी धरून बजावत होता, की घरातल्या प्रत्येक फोनला ही लावा, नाहीतर रिसीव्हर उचलला की नेट तुटेल.

"बाबा, इथे एक पांढरी डबी होती. ती कुठाय?"

"ती होय. काढून ठेवली मी," बाबा अभिमानाने म्हणाले. "लाइनीत जितके जोड, तितक्या तक्रारी. मधे उगाच काही ठेवू नये, हा आमच्या खात्याचा पहिला धडा."

म्हणजे ते लाइन बघायला फोन उचलत होते म्हणून नेट जात होतं, आणि नेट जातं म्हणून ते लाइन बघायला फोन उचलत होते. त्या तिकडच्या गरीब पोरीला शिव्या देऊन फोन खाली ठेवला की नेट यायचं, ते शिव्यांमुळे नव्हतं, ठेवल्यामुळे होतं.

"फोन खाली ठेवा," मी म्हटलं. असं मी सासऱ्यांशी जन्मात बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्याने ठेवला.

बाहेर येऊन मी खुर्ची उचलली. दिवा हिरवा होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बाई हलल्या, मिटलेला डोळा उघडला. मी म्हटलं, "माफ करा, उत्तर आणायला आत गेले होते. मी विचारेन, की तुमच्या घरात आणखी एखादा फोन आहे का, आणि तो कोण उचलतं. मग विचारेन, त्याच्यावरची पांढरी डबी कुणी काढली." आणि झाला तो प्रकार सगळा सांगितला. बाप्या इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

नोकरी मिळाली. डबी बाबांच्या खणात, जुन्या चष्म्याच्या घरात सापडली. मी ती स्वतःच्या हाताने लावली. त्यानंतर नेट एकदाही गेलं नाही.

आता बाबा हवं तितक्यांदा रिसीव्हर उचलू शकत होते, कुणाचं काही अडणार नव्हतं. आणि त्यांनी उचलणं सोडलं. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी दिवे सांगत नव्हतं. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना सांगत होते, की आमच्याकडून लाइन ठीक आहे, आणि आत बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

एकदा दारात शेजारीण भेटली. म्हणाली, "हॅलोकाका दिसत नाहीत हल्ली. काय करतात?"

"काही नाही," मी म्हटलं, "घरीच असतात."

माझ्याच तोंडून. ज्या वाक्यापायी मी इतकी वर्षं जळत होते, ते मी असं सहज त्या माणसाच्या माथी मारलं होतं. मला इतकी लाज वाटली की शेजारीण पुढे काय बोलली ते आठवतच नाही.

त्या दुपारी कामातून जरा सुटी मिळाली, तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून मोबाईलने आतल्या फोनला फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली. मग पलंग करकरला.

"हॅलो, तक्रार विभाग," बाबा म्हणाले. आवाज थेट खात्यातला, खणखणीत.

मी म्हटलं, "साहेब, तक्रार नोंदवायची आहे. सकाळपासून बोलून घसा सुकला, आणि या घरात कुणी सुनेला चहा विचारत नाही."

ते म्हणाले, "आमच्याकडून चहा कधीचाच झालेला आहे. दोष तुमच्या बाजूला आहे. ओट्यावर झाकून ठेवलाय, तुम्ही वळून बघत नाही."

मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशीने झाकलेला कप होता. चहा पार गार झाला होता, तरी मी तो तसाच प्यायले.