पॅनलवरची गोधडी

निरगुडसरचा भगवंत वायरमन हल्ली घरातला मिक्सरसुद्धा बायकोला लावायला सांगतो. प्लग काढून ठेवलेल्या इस्त्रीकडे तो आधी बघत राहतो, मग लांबून वळसा घालून जातो. आरती, त्याची बायको, सुरुवातीला चिडायची. आता चिडत नाही.

कोकण किनाऱ्यावर लाटांपासून वीज तयार करायची चाचणी चालली होती. तिथे भगवंत आणि त्याचे दाजी, म्हणजे बहीण रत्नाचे नवरे दादाभाऊ कामाला होते. गावाकडे मोटर दुरुस्त करायची तर डीपीवरचा फ्यूज उपसायचा, की वायर मेली. तिथेही भगवंतने किनाऱ्यावरचा मेन स्विच पाडला आणि ओरडला, "दाजी, लाइट गेली!" दादाभाऊंनी वायरींच्या जोडाच्या पेटीत हात घातला. पण पाण्यावरचा वीज तयार करणारा तराफा लाटांनी हलतच होता आणि वीज समुद्राकडून येत होती. आधी तराफा बांधायचा, वायर मीटरने तपासायची, अर्थिंगला जोडायची, हे सगळं त्यांना शिकवलेलं होतं.

दाजी गेले. तेव्हापासून भगवंतला कुठल्याही बंद वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

परवा दुपारी बहिणीचा, रत्नाचा फोन आला. विहिरीवरचा सोलर पंप बंद पडला होता, कांद्याचं रोप माना टाकत होतं.

"दुसरा कुणी बघ, ताई."

"बघितला की. तो म्हणतो, स्विच पाडला की झालं, काय व्हतंय! लावू देऊ त्याला हात?"

भगवंत तसाच निघाला. स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनल वीज तयार करतच राहणार, हे त्याला माहीत होतं.

"जाड गोधड्या आण," विहिरीवर पोचताच तो म्हणाला.

दोघांनी पॅनल झाकले. थोडं थांबून त्याने मीटर लावला. आकडा उतरत शून्यावर आला. तरी त्याचा हात पुढे जाईना.

"ताई, त्या दिवशी लाइट गेली म्हणून मीच वरडलो व्हतो."

"ठाऊक हाय. आरती कवाच सांगून गेली."

"मग तू बोलली न्हाईस?"

"काय बोलू? राखी बांधायची बंद करू तुला?"

वाऱ्याने गोधडी उचलली. रत्नाने पदर खोचला, पॅनलवर वाकून दोन्ही हातांनी ती दाबून धरली. "आकडा परत बघ. मलाबी दाव."

शून्यच होता. तिने मान हलवल्यावर त्याने पंपाच्या पेटीतली जळकी वायर कापली, नवी जोडली, पेटी बंद केली.

"झालं, ताई. सोड आता."

"तू आदी लांब हो."

"अगं, पेटी बंद केलीय."

"लांब हो म्हणते ना!"

तो बांधापर्यंत गेला. तिथून त्याने हात वर करून दाखवला. रत्नाने मानेनेच त्याला आणखी मागे जायची खूण केली. तो गेला. तरी तिचे हात गोधडीवरून निघेनात.