धाकटीच्या वाट्याचा गहू

गव्हाचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. लग्नकार्यात लोक पुरीचा आग्रह करतात, मी भात पुढं ओढते आणि गप्प जेवते. घरात नव्या आलेल्या सुनांना वाटतं, म्हातारी हेकट आहे. असेन. पण आमच्या घरात गव्हानं काय केलं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाच्या अलीकडच्या एका गावात आमचं किराणा दुकान होतं. राज्य निजामाचं होतं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायची; वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. मी थोरली, आणि बऱ्याच वर्षांनी झालेली एक धाकटी. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, आमटी आणि रानातली पालेभाजी. गहू सणालाच दिसायचा. तोही खपली गहू, भिजवून उखळात सडायचा आणि गूळ घालून त्याची खीर करायची. तिला आम्ही हुग्गी म्हणतो. तांदूळ तर पाहुण्यासारखा, कधीतरी यायचा आणि लगेच संपायचा.

अंगावरचं दूध सुटेपर्यंत धाकटी चांगली बाळसेदार होती. सोजी, भाकरीचा कुस्करा असं वरचं खायला लागली आणि बिघडली. पोट टम्म फुगायचं, हातापायांच्या काड्या झाल्या, परसाकडं नेता नेता अव्वाची कंबर मोडायची. वैद्य झाले, अंगारे झाले, दृष्ट काढून झाली. अव्वाच्या मनानं मात्र एक गोष्ट पक्की धरली होती.

"भाकरी जड पडती तिला," ती म्हणायची. "गहू हलका असतोय. अंगाला लागतोय."

म्हणून आम्ही सगळे भाकरी खायचो आणि धाकटीला गव्हाचं मिळायचं. सकाळी सोजी, दुपारी लापशी, संध्याकाळी दुधात शिजवलेल्या शेवया. मला त्या शेवयांचा वास अजून आठवतो. मी मागितल्या की अव्वा म्हणायची, "तू धडधाकट हाईस. ते लेकराचं हाय."

महायुद्धाच्या वर्षांत लेव्ही आली, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली. पटवारी आणि त्याच्यावरचा गिरदावर दारात आले की धान्य मोजून द्यावं लागायचं. अव्वानं ज्वारीचं पेव निमूट उघडून दिलं. पण गव्हाचं मडकं पाळण्यात ठेवलं, वर दुपटं टाकलं आणि ते लोक जाईपर्यंत ती पाळण्याला झोके देत बसली. एरवी भित्री बाई, मोठ्यानं कधी बोलायची नाही. लेकीसाठी मात्र तिनं सरकारला फसवलं.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि एके दिवशी अप्पांनी दुकानाला कुलूप लावलं. आम्ही बैलगाडीनं हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला मावशीकडं गेलो. गव्हाचं मडकं बरोबर नेता आलं नाही. अव्वा वाटेत त्यासाठीच रडत होती. दुकानाचं नावही तिनं घेतलं नाही.

मावशी तोंडानं फटकळ होती. घरात तिची माणसं, वर आम्ही, आणि आमच्यासारखंच आलेलं आणखी एक बिऱ्हाड. रेशनवर तुकडा तांदूळ मिळायचा, तोही जाडाभरडा. धाकटीसाठी थोडा गहू बघशील का, असं अव्वानं विचारलं तेव्हा मावशीनं चुलीकडची मानही वळवली नाही.

"हितं एकटीपुरतं येगळं शिजणार न्हाय, आक्का. समदी खातेत ते खाईल."

समदी भात खायची. मावशी तांदूळ धुऊन निथळत ठेवायची. करडईच्या तेलात जिरं, लसूण, हळद टाकायची, त्यावर लाल भोपळ्याच्या फोडी नाहीतर मूठभर शेपू, मग तांदूळ, थोडी मुगाची डाळ आणि पळी उभी राहणार नाही इतकं पाणी. शेवग्याचा पाला मिळाला तर शेवटी तोही जायचा. भाजी नसली की नुसती पेज आणि मीठ. कौतुक कुणाचंच नव्हतं. मोठ्या परातीत भात ओतायचा आणि पोरांनी भोवती बसायचं. धाकटी आधी रडली, मग बसली.

थोड्याच दिवसांत तिचं पोट उतरलं. पावसाळ्यात ती अंगणात पळायला लागली. गालांवर मांस आलं, आणि भांडायलाही शिकली. माझ्या वेणीला लोंबकळायची. अव्वा तिच्याकडं बघत बसायची आणि मध्येच डोळे पुसायची. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की इथलं पाणी मानवलं. हवापालट झाली.

भाताचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. भात ही गरज होती. गरजेपोटी खाल्लेल्या गोष्टीला औषध कोण म्हणणार?

पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परत आलो. दुकान फुटलेलं होतं, पण लेक बरी होऊन आली होती, म्हणून अव्वानं कुठून तरी गहू मिळवून देवासाठी हुग्गी केली. पहिली वाटी धाकटीला दिली. मग पुन्हा सकाळची सोजी सुरू झाली. आता पोर सावरलीय, आता हिला जोर आणायचा, असा तिचा हिशेब होता. दिवाळीपर्यंत पोट पुन्हा फुगलं. अप्पा म्हणाले, मावशीकडं पाठवू. अव्वा म्हणाली, "तिथं काय, नुसता पाणचट भात. माझ्या हातचं खाऊन बरी हुईल."

संक्रांतीच्या आधी ती गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. खड्डा लहानच लागला. पुढं कित्येक वर्षं अव्वा येईल त्याला एकच सांगायची, की आमी परत आल्यावर गहू लई महाग झाला, लेकराला पोटभर मिळाला न्हाय. ते ऐकून बायकाही तिच्याबरोबर रडायच्या.

पुढं माझं लग्न झालं, लेकीचंही झालं. माझी नात दोन वर्षांची झाली आणि तेच सगळं सुरू झालं. तिचंही पोट तसंच टम्म फुगलं. सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं, अव्वा हट्टानं बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, "हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू बंद करा. भात द्या, ज्वारी द्या, भाज्या द्या. मुलगी सुधारेल." माझी लेक आनंदानं रडली. अव्वा एसटीत खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी भोपळा घालून मऊ भात केला. नात जेवत होती, अव्वा समोर बसली होती.

"भाकरी बी चालती म्हणला न्हवं का डाक्तर?"

"व्हय अव्वा. चालती."

"भाकरी तर घरात रोज व्हती."

मी म्हटलं, त्या काळी हे कुणाला ठाऊक होतं, डॉक्टर तरी कुठं होता. मला जे सुचलं ते सगळं बोलले. तिनं त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. ती नातीच्या तोंडाकडं बघत होती.

"शेवटी शेवटी ती तोंड उघडत न्हवती," अव्वा म्हणाली. "म्या नाक दाबून भरवलं तिला."