उघडं झाकण

परवा क्रिकेटच्या मैदानावर पिवळे पट्टे उमटलेले दिसले. जिथून जिथून मी फवारणी यंत्र फिरवलं होतं, नेमके तिथेच. वाटलं, नोझल बिघडले असतील. एकेक काढून जुन्या टूथब्रशने घासला, गाळणी धुतली, प्रत्येकाखाली प्लास्टिकचा मग धरून पाहिला. सगळ्यांतून सारखंच पाणी पडत होतं. शेवटी टाकीत डोकं घातलं, तर तळातून तणनाशकाचा वास आला.

मी आणि सदाभाऊ, आम्ही दोघेच इथले माळी. तणनाशक मारलं की टाकी तीनदा धुवायची आणि धुतल्याची खूण म्हणून झाकण उघडं ठेवायचं, ही आमची रीत. गेल्या आठवड्यात कुंपणाकडचं तण त्यांनी मारलं. दुसऱ्या दिवशी मी उघडं झाकण बघितलं आणि निर्धास्तपणे टाकीत खत कालवलं.

"सदाभाऊ, टाकी धुतली होती ना?"

ते गवताकडे बघत म्हणाले, "झाकण उघडंच होतं की."

बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. तोंडाने खोटं बोलायला माणसाला जरा तरी जड जातं. झाकणाकडून वदवून घेतलं की तेवढंही नाही. आणि आपण तरी रोज किती मुक्या खुणांवर विसंबून असतो! विचारत नाही, नुसतं बघतो आणि पुढे जातो.

गवत महिन्याभरात भरून येईल.

आज झाकण पुन्हा उघडं होतं. टाकी लख्ख होती, वासही नव्हता. सदाभाऊ समोर उभे होते. त्यांच्यादेखत मी ती तीनदा धुतली.