बॉल बाहेर गेला की नावं

"बॉल कुठाय?" असं ती विचारायची, आणि हा प्रश्न तिला मैदानाबाहेरही चालायचा. इलेक्ट्रिशियन काम का झालं नाही याची सतरा कारणं सांगायला लागला की ती तळहात वर करायची. "ते असू दे दादा. बॉल कुठाय?" पिंप्राळ्यातल्या एका मावशींनी तिच्यासाठी स्थळ आणलं. केळीच्या बागा, जळगावातला फ्लॅट, सासूचा स्वभाव, सगळं सांगून झालं. हिनं चहाची बशी खाली ठेवली. "मावशी, सगळं समजलं. पण बॉल कुठाय? मुलगा स्वतः करतो काय?" मावशींना ते माहीत नव्हतं.

माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. गोडाऊन जळगावातच, पिंप्राळ्यात, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लग्न, सभा, भागवत सप्ताह, सामने, सगळीकडे माईक माझा असतो आणि बोलणारे त्यांचे. बोलणाऱ्यांकडे मी सहसा लक्ष देत नाही. आवाज फाटत नाही ना, एवढंच बघते.

आपल्याकडच्या स्पर्धा तुम्हीही पाहिल्या असतील. मैदानावर खेळ चालतो आणि माईकवर सत्कार. कोणाचं आगमन झालं, कोणी व्यासपीठावर स्थानापन्न व्हावं, पाण्याचे जार कोणाकडून आले. जळगावात नानांच्या मंडळाची फुटबॉल स्पर्धा होती तेव्हाही तेच चाललं होतं. गोल झाला तेव्हा निवेदक एका सराफांचं नाव घेत होता, त्यामुळे टाळ्या गोल मारणाऱ्याला पडल्या की सराफांना, हे त्या दोघांनाही कळलं नाही.

तेवढ्यात गुडघ्याला पट्टा बांधलेली एक मुलगी एकेक पायरी चढत आमच्या माईकच्या मचाणावर आली. "माईक द्या जरा." पोर हरवल्याची घोषणा असेल म्हणून निवेदकानं दिला.

"गोल झाला," ती म्हणाली. "पिवळ्यांचा नऊ नंबर, डाव्या पायानं. मागच्या पासला जास्त मार्क. आता नावं वाचा."

लोक हसले. नाना खालून ओरडले, "ताई, तिथंच बस! उतरू नको!" नाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त खेळशिक्षक. तिच्या हातात माईक राहू दिला तो त्यांनीच, हे पुढचं सगळं वाचताना विसरू नका.

ती कोण हे नंतर तुकड्यातुकड्यानं समजलं. वडील वरणगावच्या कारखान्यात कामाला होते, आई धुळ्याकडची. कॉलनीच्या मैदानावर मुलांनी तिला गोलात उभं केलं, कारण तिथं कोणालाच उभं राहायचं नव्हतं. ती गोल सोडून बॉल घेऊन पळायची. पुढे गुजरात, कोलकाता, केरळ. ती पगारी फुटबॉलपटू होती. हे दोन शब्द एकत्र ऐकले की जळगावात लोक हमखास विचारायचे, "म्हणजे सरकारी का?"

"नाही."

"मग पेन्शन?"

"हा गुडघा," ती म्हणायची आणि पट्ट्यावर थाप मारायची.

गुडघा केरळातल्या एका सामन्यात गेला. कोणी ढकललं नाही, कोणी पाय घातला नाही. ती वळली, गुडघा वळला नाही. दोनदा ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पळणं बंद केलं. घरी येऊन ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपून होती, असं तिची आईच सांगते. मग एक दिवस आईनं चादर ओढली. "पाय मोडना, तोंड त शाबूत शे ना? मंग बोल काहीतरी!"

पाय मोडला होता, तोंड शाबूत होतं. त्यानंतर ती बोलतच राहिली.

तिचा पहिला नियम होता, बॉल बाहेर गेला की नावं. खेळ चालू असताना देणगीदार, पाहुणे, शुभेच्छुक, कोणाचंही नाव नाही. बॉल रेषेबाहेर गेला की ती दोन-तीन नावं भराभर वाचायची आणि बॉल आत आला की वाक्य अर्धं सोडून खेळाकडे वळायची. लोकांना मजा वाटायला लागली. एका दाळमिलवाल्यांचं नाव राहिलं होतं, ते प्रत्येक थ्रो-इनला खुर्चीवरून अर्धे उठायचे.

एका स्थानिक वाहिनीनं तिला फुटबॉलतज्ज्ञ म्हणून चर्चेला बोलावलं. चार पुरुष आणि ती. पुरुषांना डावपेच विचारून झाल्यावर निवेदक तिच्याकडे वळला. "ताई, यातला कोणता खेळाडू तुम्हाला देखणा वाटतो?"

"ज्याला दोन्ही पायांनी पास देता येतो तो. तुमच्या आवडत्या खेळाडूला एकाच पायानं येतो, म्हणून काल हरले." मग उरलेला वेळ तिनं टेबलावरचे पाण्याचे ग्लास इकडेतिकडे सरकवून ते कसे हरले हे समजावलं. चौघांनी आपापले ग्लास परत घ्यायचं धाडस केलं नाही.

एकदा मी तिच्या घरी गेले होते, जनरेटरचं विचारायला. स्वयंपाकघरात ओट्यावर एक मोठा चकचकीत कप, त्यात पळ्या, झारे, लाटणं. मी म्हटलं, "अगं, कप असा वापरायचा?"

"तो तेवढ्याच कामाचा आहे, अक्का."

तो कप ती शाळेत असतानाचा, आंतरशालेय स्पर्धेच्या फायनलचा. बरोबरी चालू असताना पाहुणे आले. त्यांना पुढे हळदीला जायचं होतं, म्हणून सामना थांबवला आणि टॉस केला. टॉस हिच्या संघानं जिंकला. कॅप्टन म्हणून फोटोत तीच आहे, कप हातात, तोंड वाकडं.

"हरलो असतो तर रडून मोकळी झाले असते," ती म्हणाली. "जिंकल्यावर काय करायचं सांगा. समोरच्या पोरी रडत होत्या. त्यांना नाणं चांगलं खेळलं म्हणू?"

आता नानांशी बिनसलं त्या फायनलचं सांगते.

नानांच्या मंडळाचीच स्पर्धा. दुपारी मुलींची फायनल, नंतर सत्कार, मग पुरुषांची. धुळ्याच्या पोरी निळ्या, वरणगावच्या पिवळ्या. उत्तरार्ध चालू होता, स्कोअर एक-एक, आणि बाहेर फटाक्यांची माळ लागली. प्रमुख पाहुणे भाऊ, इथले पुढारी, वेळेआधी आले होते. तुम्हाला रीत माहीत आहे. माईकवर घोषणा होते, खेळाडूंनी कृपया थांबावे, मग रेफ्री शिट्टी मारतो आणि सगळे ओळीत उभे राहतात. रेफ्रीनं आमच्या मचाणाकडे पाहिलं.

तिनं घोषणा केली नाही. बॉल आतच होता.

नाना पायऱ्या चढून धापा टाकत आले. तिनं माईकवर तळहात ठेवला.

"ताई, भाऊंना पुढे हळद आहे. टॉस लावून टाकू. जिंकेल तिला कप देऊ, बस."

"नाना, असा एक कप माझ्या घरी आहे. दुसरा नको."

"मैदानाचे दिवे त्यांच्याकडे अडकलेत गं! वर्षभर खेटे घालतोय मी."

"मला माहितीये. पण या पोरी टॉस खेळायला आलेल्या नाहीत."

नाना माझ्याकडे वळले. "अक्का, माईक बंद करा."

"बटण हे लाल," मी म्हटलं. "दाबा तुम्ही." नानांनी बटणाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. बटण तसंच राहिलं.

बॉल बाहेर गेला. तिनं तळहात काढला.

"भाऊंचं मनापासून स्वागत. भाऊ, स्कोअर एक-एक आहे, तुम्ही अगदी मोक्याला आलात, निवांत बसा. बॉल आत आला. आता डावीकडे बघा. निळी अकरा नंबर एकटी उभी आहे आणि पिवळ्यांचं तिच्याकडे लक्ष नाही."

भाऊंनी डावीकडे पाहिलं. मग सगळ्या व्यासपीठानं डावीकडे पाहिलं. शाल, श्रीफळ आणि हार घेऊन उभे असलेले तिघं तसेच उभे, हारवाल्यानं तर हार स्वतःच्याच खांद्यावर टाकला. अकरा नंबरला बॉल मिळाला, तिनं मारला, तो दांड्याला लागून परत आला. भाऊ "अर्रर्र!" म्हणाले, आणि ते समोरच्या माईकमधून सगळ्या मैदानानं ऐकलं.

त्यानंतर दहाएक मिनिटं ती भाऊंशीच बोलत होती. हा ऑफसाईड का, ही पोर खाली का आली, तो पास चुकला कुठे. भाऊ मान हलवत होते. उठायला एखादी फट मिळावी तर तीही मिळेना.

पण गोल कोणीच केला नाही. बरोबरी राहिली.

"आता पेनल्टी," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारला.

पेनल्ट्या चालू असताना भाऊ उठले. "चालू द्या, चालू द्या," म्हणत हसतच गेले. त्यांच्या माणसांपैकी एक मात्र जाताना नानांना म्हणाला, "बोलवून अपमान करायची चांगली पद्धत आहे तुमची." नाना मचाणाखाली खांबाला टेकून उभे राहिले.

शेवटच्या किकवर पिवळ्या जिंकल्या. निळ्यांची गोलकीपर, चौदा-पंधरा वर्षांची किडकिडीत पोर, मातीत पालथी पडून राहिली. तिच्याजवळ कोणी पोचायच्या आत स्पीकरमधून आवाज आला, "निळी गोलकीपर, ऐक. उडी बरोबर बाजूला होती. हात चार बोटं कमी पडला. उंची वाढेल तुझी. ऊठ."

पोर उठली.

कप द्यायला व्यासपीठावर आता कोणी उरलं नव्हतं. हारवालासुद्धा भाऊंच्या मागे गेला होता. थोडा वेळ पिवळ्या पोरी टेबलासमोर ओळीत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या कॅप्टननं पुढे होऊन कप स्वतःच उचलला.

संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होते. नाना आले. "ताई, पुढच्या वर्षी..."

"समजलं नाना," ती म्हणाली. "चुकलं असं मात्र म्हणणार नाही."

"मी कुठे म्हणतोय म्हण." नाना गेले. मैदानावर खांब आले आहेत, दिवे अजून आलेले नाहीत. हा हिशेबही तिच्याच खात्यावर धरणारे लोक आहेत, आणि ते सगळेच चुकीचे आहेत असं मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर जळगावात, धुळ्यात तिला कोणी बोलावलं नाही. दोन मोसम घरी बसून तिनं मोबाईलवर सामन्यांचं विश्लेषण केलं, मग एका मोठ्या वाहिनीनं महिला लीगसाठी तिला कोलकात्याला नेलं. हिंदीत बोलते, खान्देशी हेल तसाच आहे. आई शेजारणींना जमवून टीव्ही लावते आणि वर, सगळा देश ऐकतोय पण आईला फोन नाही, अशी तक्रार करते, "बठ्ठा देश आयकी राहिना हिनं बोलनं, आन माले फोन कराले येळ नही."

यंदा नाना स्पर्धेचं साऊंड ठरवायला गोडाऊनवर आले. निवेदक जुनाच, म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "अक्का, पोरी ऐकत नाहीत. सगळ्या कॅप्टन मिळून आल्या. म्हणे पूर्ण वेळ खेळू देणार असाल तर उतरतो."

"मग?"

"मग काय. पाहुण्यांना उशिराची वेळ दिली."

फायनलच्या दिवशी मी टेम्पोतून जादा वायर आणायला फाटकाबाहेर गेले. पाहुण्यांची पांढरी गाडी कडुलिंबाखाली उभी होती, काचा वर, इंजिन चालू, पाहुणे आत बसलेले. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "मावशी, अजून किती वेळ?"

"खेळ चालू आहे," मी म्हटलं आणि वायर घेऊन आत गेले.