भरीव शंकरपाळी आणि आठवा मजला

मार्चमधल्या भूकंपानंतरच्या त्या उन्हाळ्यात मी टोकियोतल्या ऑफिसच्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचो. प्यायला नव्हे. जमीन हलते आहे की मलाच तसं वाटतंय, हे त्या पाण्याकडे बघून ठरवायचं. बहुतेक वेळा पाणी स्थिर असायचं आणि मी हललेला.

बायको आणि तीन वर्षांची मुलगी मार्चमध्येच भारतात गावी गेल्या होत्या. हिगाशी-कसाई भागातली आमच्यासारखी कितीतरी भारतीय घरं तेव्हा अर्धी झाली होती. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, आम्ही नवरेमंडळी दूध-ब्रेड घ्यायला जमायचो. "काय, वहिनींचं तिकीट काढलं का?" हाच एक प्रश्न. हळूहळू एकेकाची वहिनी परत येऊ लागली. माझ्या आठव्या मजल्यावरच्या घरात मात्र मुलीची छोटी सायकल बाल्कनीत तशीच उभी होती.

फोनवर रोज तेच.

"घरी कधी येताय मग दोघी?"

"बघू."

"अगं, आता सगळं ठीक आहे इथे."

"तुम्हाला ठीक वाटतंय ना, चांगलं आहे. इथल्या बालवाडीच्या बाई विचारत होत्या, नाव घालू का हिचं?"

"थांब जरा," मी म्हणायचो. नाव एकदा तिकडे घातलं की त्या दोघी परत येणार नाहीत, अशी भीती माझ्या मनात बसली होती. मग मी मुलीला फोन द्यायला सांगायचो.

ऑफिसात तेव्हा माझ्याकडे घरपोच जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते डबे पोचवत. त्यांची जुनी सिस्टीम बदलायची होती आणि नव्या सिस्टीमचा आराखडा मी काढत होतो. कुठल्या वस्तू, त्यांच्याजवळ कुठली माहिती, कोण कोणाशी जोडलेलं.

हे काम मला मनापासून आवडायचं. माझे वडील जिनिंग मिलमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तालुक्याच्या कॉलेजात संगणक कमी आणि मुलं जास्त, म्हणून आमचे सर फळ्यावरच शिकवायचे. "गिऱ्हाईक काय बोलतो ते लिहून काढा. त्यातल्या नामांचे क्लास, म्हणजे वस्तूंचे साचे होतात, क्रियापदांच्या मेथड, म्हणजे त्यांची कामं." मराठी माध्यमातून आलेल्या मला एवढं तरी नक्की जमत होतं. एक वस्तू दुसरीचा भाग असेल, तर त्या रेषेच्या टोकाला चौकोनी खूण काढतात. सर तिला शंकरपाळी म्हणायचे. पोकळ शंकरपाळी म्हणजे भाग सुटा जगू शकतो. भरीव शंकरपाळी म्हणजे मूळ वस्तू गेली की भागही गेला. सरांची ती शंकरपाळी घेऊनच मी टोकियोपर्यंत पोचलो. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

कंपनीच्या लोकांसमोर आराखडा मांडायचा दिवस आला. भूकंपानंतरची विजेची बचत चालू होती, एसी नावालाच. मी घामाने भिजलेल्या शर्टात उभा राहून समजावत होतो. कंपनीचे एक मॅनेजर, पन्नाशी ओलांडलेले, नुकतेच उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून बदलून आलेले, कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ही भरीव काळी खूण कशाची?"

मी उत्साहाने माझ्या जपानीत सांगितलं, "घर ही मुख्य वस्तू. ग्राहक हा घराचा भाग. घर काढून टाकलं की त्यातली माणसंही आपोआप निघतात."

सगळ्यांच्या नजरा त्या मॅनेजरांकडे वळल्या. मग ते गृहस्थ हसले. माझ्या आडनावाला आदराचं 'सान' लावून म्हणाले, "असं होय. म्हणजे तुमच्या कागदावर मार्चपासून मी नाहीच."

त्यांचं घर भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेत गेलं होतं. खोलीत माझ्याखेरीज सगळ्यांना ते माहीत होतं.

मी खाली वाकून माफी मागितली. तेच उलट म्हणाले, "नाही, नाही, चहा घ्या." मला मात्र तो आराखडा टराटरा फाडावासा वाटत होता. लहानपणापासून मी रेशनकार्ड पाहिलं होतं. घराचं एक कार्ड आणि माणसं म्हणजे त्यावरच्या ओळी. कागदावर घराबाहेरचा सुटा माणूसही दाखवायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

एक लिफ्ट बंद, दुसरीला गर्दी, म्हणून आमच्या टीमच्या प्रमुख बाई आणि मी जिन्याने उतरलो. बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. रागावतील असं वाटलं होतं.

"तुम्ही त्या लोकांना काय विचारलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टीममध्ये काय काय हवं आहे."

"ते त्यांना कुठून माहीत असणार? काल काय काय झालं ते सांगा, असं म्हणायचं. आणि मग आपण गप्प बसायचं. गप्प बसायला तुम्हाला जड जातं." एवढं बोलून त्या पुढे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डब्यांच्या गाडीत बसलो. फुनाबोरी भागातल्या एका आजींना विचारलं, काल काय काय झालं. काल त्या लेकीकडे इचिकावाला होत्या, डबाही तिकडेच गेला होता. परवा त्या दवाखान्यात असणार होत्या. आजी त्याच होत्या, पत्ता बदलत होता. मी शंकरपाळी खोडली. माणूस स्वतंत्र मांडला, पत्ता वेगळा, आणि दोघांच्या मध्ये "कधीपासून कधीपर्यंत". मॅनेजरांनी नवा कागद पाहिला आणि मान डोलावली.

काम मार्गी लागलं, पण माझी तगमग थांबली नाही. रविवारी फोन लावला. "घरी कधी येताय" ओठावर आलं होतं, ते गिळलं.

"भूकंपाच्या दिवशी काय झालं ते सांग ना."

"आता विचारताय?"

मी गप्प बसलो. खरंच जड गेलं.

त्या दिवशी मी ऑफिसातून चालत रात्री पोचलो होतो, तेव्हा त्या दोघी खाली शाळेच्या मैदानात ब्लँकेट पांघरून बसल्या होत्या. दोघी सुखरूप, एवढंच मी पाहिलं होतं. आता ती सांगत होती. मुलगी झोपली होती. कपाटातली भांडी खाली आली. इमारत झाडासारखी डोलत राहिली. लिफ्ट बंद. जिन्यातला दिवा गेलेला. मुलीला कडेवर घेऊन ती भिंत चाचपत उतरली, मध्येच पुन्हा हललं तेव्हा पायरीवर बसून राहिली. "हिने विचारलं, आई, घर पडणार का? मी म्हटलं, नाही. मलाच खरं वाटत नव्हतं."

"म्हणून तुला जपानला यायचं नाही," मी म्हणालो.

"जपानला यायचं नाही असं कधी म्हटलं मी?" ती एकदम चिडली. "तुम्ही रोज विचारता, घरी कधी येताय. त्या घरी मला यायचं नाही. तो आठवा मजला नको मला. तेवढं कळायला इतके महिने?"

पुढच्या शनिवारी मी घर शोधायला निघालो. तळमजलाच हवा, असं ठरवून. एजंटने आमच्या भागाचा नकाशा पुढे ठेवला. नदीला पूर आला तर कुठवर पाणी येईल, ते निळ्या रंगात दाखवलं होतं. सगळाच नकाशा निळा. "लहान मूल आहे ना? मग इथे तळमजला नको," तो म्हणाला. वर हलतं, खाली बुडतं. मी हसलो, तो हसला नाही.

शेवटी नदीपलीकडे, इचिकावात, चढावरचं एक घर मिळालं. जुनं, लहान, ऑफिसला लांब. मी तिथूनच फोन लावला.

"दुसरा मजला आहे. चालेल?"

"जिना कसा आहे?"

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. "बाहेरच्या बाजूने आहे. उघडा. दिवा नसला तरी उजेड आहे."

फोनवर तिच्या मागे मुलगी कुणाशी तरी भांडत होती.

"तुम्ही एकदा उतरून बघा," ती म्हणाली. "काहीतरी जड कडेवर घेऊन."

माझ्याजवळ लॅपटॉपची बॅग होती. ती मी कडेवर घेतली आणि फोन कानाला लावून उतरू लागलो.