म्हसवडचा वल्हेकरी

म्हसवडच्या बाजूचा माणूस पाण्याच्या नादी लागला असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी हसेल. त्या मुलखात पाणी बघायचं ते विहिरीत वाकून. माणगंगा नावाची नदी आहे, पण वर्षातले आठ महिने मेंढरं तिच्यातून कोरड्या पायांनी पलीकडं जातात. बिराप्पा त्याच मुलखातला, सिदाप्पा धनगराचा मुलगा. आणि तरी १९४० ते ४७ या सात वर्षांत त्याचं जे काही बरंवाईट झालं ते पाण्यावरच झालं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

गावच्या मास्तरांनी पिच्छा पुरवला म्हणून सिदाप्पानं पोराला कऱ्हाडच्या बोर्डिंगात आणून सोडलं. जाताना एवढंच म्हणाला, "आमी हिकडंच खालीवर करत आसतो. जवळ आलो की भेटंन." आणि पाठ फिरवून चालू लागला. मेंढरं थांबवून ठेवली होती, त्याचा तरी काय इलाज!

बोर्डिंगातली बाकीची पोरं ऊसवाल्या शेतकऱ्यांची. सुट्टी लागली की त्यांच्या बैलगाड्या दारात उभ्या राहायच्या. बिराप्पाला घर नव्हतं असं नाही, पण त्या आठवड्यात ते कुठल्या शिवारात आहे हे त्याला ठाऊक नसे. दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठी उतरायचा. या शेतात दोन रात्री, त्या शेतात तीन. खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुढं निघायचं. पत्र लिहावं तर पत्ता कुठला घालणार? पहिल्या दिवाळीला बोर्डिंग रिकामं झालं, स्वयंपाकीसुद्धा गावाला गेला, आणि तेरा वर्षांचा बिराप्पा एकटाच चार दिवस चुरमुरे खात राहिला. पाचव्या दिवशी माणसाचा आवाज ऐकावा म्हणून तो नदीवर गेला.

गावाच्या खालच्या अंगाला नदी ओलांडायची तर होती. नाव केरबाची. केरबा साठीचा, बायको गेलेली, मुलगा मुंबईच्या गिरणीत. त्यानं विचारलं, "पलीकडं जायचं हाय का रं?"

"न्हाई."

"मग सकाळधरनं का बसलायस?"

"बोर्डिंगात कुणी न्हाई."

"हितं बी कुणी न्हाई," केरबा म्हणाला. "ये, वल्हं धर."

बिराप्पा नावेत चढला आणि जिकडं जायचं तिकडं तोंड करून बसला. केरबानं त्याचे खांदे धरून त्याला सरळ उलटा फिरवला. "वल्हं वडणाऱ्यानं म्होरं बघायचं न्हाई. म्होरं बघाया सुकाणूवर मी हाय. तू मागला काठ बघ. त्यो सरळ मागं जातोय न्हवं, म्हंजी नाव सरळ चाललीया."

पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले, नाव दोनदा गोल फिरली आणि बाजारच्या बायकांनी त्याला शिव्या घातल्या. बिराप्पाला मात्र कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढची पाच वर्षं प्रत्येक सुट्टी त्यानं त्या नावेत काढली. कळप कधी जवळ आला तर सिदाप्पा बोर्डिंगात येऊन, गळ्याला गुंडाळायला लोकरीची चार बोटं रुंद पट्टी नाहीतर खरवसाचं गाडगं ठेवून जायचा. बहुतेक वेळा पोरगा नदीवर असायचा, त्यामुळं भेट व्हायची नाही. बिराप्पाला त्याची चुटपुट लागायची, आणि पुन्हा सुट्टी आली की पुन्हा नदीवरच जायचा.

मॅट्रिक झाल्यावर तो सांगलीच्या कॉलेजात आला. इथं तर त्याचं एकटेपण आणखी वाढलं. त्याच्या घोंगडीला मेंढराचा वास येतो म्हणून सोबतच्या मुलानं खोली बदलून घेतली. त्या पोरांना इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या, पण शेजारच्या खोलीतला मुलगा चार दिवस कुणाशी बोललेला नाही, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कॉलेजच्या जिमखान्याची एक लांब, अरुंद होडी होती. चौघांनी वल्ही ओढायची आणि पाचव्यानं सुकाणू धरायचं. सुकाणूवर मानसिंग असायचा. कऱ्हाडकडच्या बागायतदाराचा मुलगा, थोरला भाऊ फौजेत, स्वतःचा आवाजही सुभेदाराचा. त्यांच्यातला एक जण हिवतापानं पडला आणि मानसिंग माणूस शोधू लागला. बिराप्पा पुढं झाला तेव्हा तो म्हणाला, "आरं, तुला पवता तरी येतं का?"

"वल्हं देऊन बघा," बिराप्पा म्हणाला.

पुलापर्यंत जाऊन आल्यावर मानसिंगची थट्टा बंद झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बिराप्पाच्या दारात उभा. "चल रं गड्या, तुझ्यावाचून होडी अडलीया." आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं! बिराप्पानं ते वाक्य दिवसभर मनात घोळवलं. गणिताच्या तासाला मास्तरांनी उभं केलं तेव्हाही तो हसतच होता. मानसिंगनं त्याला आपल्या समोर, सर्वांत मागं बसवला. त्याचं वल्हं पडलं की बाकी तिघांनी टाकायचं. तो चुकला तर होडीच चुकणार.

तरी होडी काठाला लागली की बाकीचे चहाला जायचे आणि हा खोलीवर. त्या वर्षीच्या शर्यतीत ते दुसरे आले. काठावर कुणाची आई लाडू घेऊन आली होती, कुणाचे मामा फेटा बांधून आले होते. मानसिंगच्या घरचे तर गाडी भरून. बिराप्पानं चारी वल्ही पुसली, ओळीनं उभी केली, मग पुन्हा एकदा पुसली. पुढच्या वर्षी आपलंही कुणीतरी इथं पाहिजे, हे त्यानं त्या दिवशी ठरवलं. जिंकणं, हरणं नंतर. आपल्या माणसानं आपल्याला एकदा पाण्यावर बघावं, एवढीच त्याची हाव होती.

कळप कुठंही असो, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला सिदाप्पा हटकून यायचा. ४६ सालच्या यात्रेत बिराप्पानं त्याला गाठलं.

"आबा, सक्रातीच्या आधीच्या आयतवारी सांगलीला या. पुलाखाली घाट हाय. मी होडी चालवणार हाय शर्यतीत."

सिदाप्पाला गंमत वाटली. "तू? पाण्यात? बरं, शर्यत सपती तितं हुबा ऱ्हातो."

"न्हाई, सुरू हुती तितंच थांबा. तितनं तुमी मला लांबवर दिसाल."

वल्हं ओढणारा उलटा बसतो, हे त्यानं बापाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सात वर्षांत त्याला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच तो विसरला होता.

ठरल्या रविवारी सिदाप्पा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, नवं तांबडं मुंडासं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, गर्दीच्या पुढं येऊन उभा राहिला. बिराप्पाला तो होडीतून दिसला. पाठीशी बसलेल्याला कोपरानं ढोसून तो म्हणाला, "त्यो माझा बा." तो गडी म्हणाला, "आरं, वल्ह्याकडं बघ."

तीन होड्या सुटल्या, हरिपूरच्या दिशेनं. नदीची ओढही तिकडंच. मानसिंगचं तोंड पुढं आणि चौघांची तोंडं घाटाकडं. बिराप्पा वल्हं ओढत होता आणि बापाकडं बघत होता. आधी बाप हसत होता. मग हसू गेलं. मग त्यानं काठी टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि माळावर कळपात लांडगा शिरल्यावर धनगर देतात ती हाळी दिली. माणसं हसली. बिराप्पा हसला नाही, त्याला ती हाळी कळत होती. सिदाप्पा पायरी उतरला. गुडघाभर पाण्यात आला, मग कमरेइतक्या. त्याला पोहता येत नव्हतं.

"होडीत बघ! वड!" मानसिंग ओरडला. शेजारची होडी बरोबरीला आली होती.

थांबावं, असं बिराप्पाला वाटलं. खरंच वाटलं. पण त्याचं वल्हं थांबलं तर चौघं थांबणार, होडी आडवी होणार, आणि उद्या पहाटे दारात कुणी येणार नाही. जगात त्याला हाक मारून उठवणारी तेवढी चारच माणसं होती. तो ओढत राहिला. बापाच्या छातीला पाणी लागलेलं त्यानं पाहिलं. मग नुसतं तांबडं मुंडासं दिसलं. मग कुणीतरी दोघांनी उड्या टाकल्या, आणि तेवढ्यात नदीचं वळण आलं आणि घाट झाकला गेला. उरलेला सगळा पल्ला बिराप्पानं बाप जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना ओढला, आणि सगळे म्हणतात, इतका जोर त्यानं पूर्वी कधी लावला नव्हता.

ते अर्ध्या होडीनं जिंकले. मानसिंगनं त्याला मिठी मारायला हात पसरले, तोवर हा चिखलातून घाटाकडं पळत सुटला होता.

घाटावर सिदाप्पा नव्हता. धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "त्यो धनगर व्हय? काढला की पोरांनी. लय पाणी प्याला हुता. माजं पोरगं गावलं का, माजं पोरगं गावलं का, एवढंच इचारत हुता. लोकांनी सांगितलं, आवं बाबा, शरत हाय ती. मग गपच झाला. काठी घिऊन ग्येला."

बिराप्पा तीन दिवस कळप शोधत फिरला. दिग्रजला कळलं, परवाच पुढं गेले. अखेर भिलवडीजवळ तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं दिसली. दुपारची वेळ होती. आई, हरणाबाई, एका कोकराला बोळ्यानं दूध पाजत होती. सिदाप्पा उन्हात बसला होता, अंगात कसकस होती. पोराला बघून तो ओशाळल्यासारखा हसला.

"माझं आडाण्याचं काय खरं न्हाई बाबा. सगळ्यास्नी हसवलं बग. पर आरं, पुरात मेंढरू वाहून जातंय, तवा त्याचं त्वांड आपल्याकडंच आसतंय, आन् पाणी त्येला लांब न्हेत आसतंय. तुजं तसंच दिसलं मला. आपल्याकडं बघतोय, आन् चाललाय." त्यानं घोंगडी अंगावर ओढून घेतली. "मी पाण्यात शिरलो त्ये तुला दिसलं का?"

"न्हाई आबा," बिराप्पा म्हणाला. "ऊन डोळ्यावर हुतं."

सिदाप्पानं मोठा श्वास सोडला. "त्येच म्हनलं मी हिला. दिसलं आसतं तर पोरगं थांबलं आसतं."

हरणाबाईनं मुलाच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि कोकरू दुसऱ्या कुशीवर घेतलं.

त्या दिवसापासून बिराप्पानं वल्हं टाकून दिलं, असं सांगितलं तर गोष्ट शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. पुढचे तीन महिने, परीक्षेपर्यंत, तो रोज पहाटे होडीवर जात राहिला, कारण मानसिंग रोज दारात येत राहिला. ते गुपित मात्र त्यानं मानसिंगला सांगितलं नाही, आईला नाही, पुढं बायकोलाही नाही. पुढं तो विट्याला मास्तर झाला.

सिदाप्पा त्यानंतर बारा वर्षं जगला. शर्यतीची गोष्ट तो लग्नात, जत्रेत, पाव्हण्यांपुढं, रंगवून रंगवून सांगायचा, स्वतःलाच हसायचा, सगळ्यांना हसवायचा. आणि दर वेळी गोष्ट संपली की मुलाकडं वळून, हळूच, जणू पहिल्यांदाच विचारतोय असं विचारायचा, "तुला दिसलो न्हवतो न्हवं रं मी?"