तोंड फिरवलेली मुलगी

टाचणीला टाचणी म्हणायचे ते ती बारीक होती म्हणून नव्हे. बारीक ती होतीच, पण नाव पडलं ते तिच्या तोंडामुळे. काम करताना तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या कायम धरलेल्या असत, आणि कुणी नको तो प्रश्न विचारला की त्यांत आणखी दोन-तीनची भर पडे. टाचण्या तोंडात असलेल्या बाईला कोण बोलायला लावणार? बाकीचे लोक मिठाची गुळणी धरतात, हिची लोखंडाची होती. तिच्या दुकानात मी अकरा वर्षं इस्त्री केली, म्हणून मी हे सांगते आहे. आणि तिची चूक सांगून मी नामानिराळी होणार नाही. त्या चुकीवरून इस्त्री मीच फिरवली होती.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन मशीनं, एक उभा आरसा, कपडा घालून बघायला पडद्याआडचा कोपरा, आणि मागे माझं टेबल. नवं काही आम्ही शिवत नव्हतो. चेन बदलायच्या, बाह्या आखूड करायच्या, कोटाला अस्तर घालायचं, वाढलेल्या पोटांसाठी शिवणी उसवायच्या. 'पुढच्या महिन्यात कमी होणार आहे, घट्टच ठेवा' म्हणणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यात परत उसवायच्या.

एकदा अस्तराला आलेल्या एका जाड कोटाच्या खिशात टॅरोच्या, भविष्य सांगायच्या, पत्त्यांचा जोड निघाला. कोटाचा मालक काही परत आला नाही. दोन वर्षं वाट बघून टाचणीने कोट एका गरजूला दिला आणि पत्ते ठेवून घेतले. अठ्ठ्याहत्तर पानं, प्रत्येकावर चित्र, सोबत अर्थ सांगणारी पातळ पुस्तिका. जेवणाच्या सुट्टीत तिने ती घोकून पाठ केली. मग दुमड घालून होईपर्यंत ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणे, "एक पान काढा." फुकट. लोकांना गंमत वाटे आणि उशिराबद्दलची कुरकुर कमी होई. खुर्चीत बसता बसता पॅंट फाटलेल्या एका हेडमास्तरांनी पान काढलं, तर निघाला वीज पडून कोसळणारा मनोरा. पुस्तिका न उघडताच त्यांना अर्थ कळला. स्वतःच इतके हसले की उरलेली शिवणही गेली.

एका पानाने मात्र घात केला. तेराव्या, मृत्यूच्या. काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात काळं निशाण, त्यावर पांढरं गुलाबाचं फूल. शेजारच्या बेकरीवालीने ते काढलं आणि स्कर्ट तसाच टाकून ती दाराबाहेर पडली. टाचणी मागे धावली, "अहो, ह्याचा अर्थ मरण नाही हो! एक संपतं नि दुसरं सुरू होतं. मागे सूर्य तर बघा!" खरंच चित्राच्या मागे, दोन बुरुजांच्या मधे, एक सूर्य आहे. पण सांगाडा ओलांडून सूर्यापर्यंत बघायला थांबतो कोण? त्याच दुपारी टाचणीने ते पान उचललं आणि बटणांच्या डब्यात तळाशी घातलं. तेव्हापासून आमच्या दुकानात कुणाचं काही संपायचं बंद झालं.

आता थोरली. टाचणीची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा टाचणी नऊ वर्षांची होती, थोरली एकोणीसची. आई शिवणकामच करायची. तिच्या हाताचा एक खास टाका होता, मागे वळून पुन्हा पुढे येणारा, तो दोघींना येत असे. पण थोरलीकडे बसून शिवायचा धीर कुठला! ती बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत लागली आणि तीस वर्षं तिथेच राहिली. आवाज खणखणीत, अंगाने भरलेली, हसली की माझं टेबल हलायचं. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी ती दुकानात यायची, तीन पायांच्या स्टुलावर बसायची, एक पान काढायची आणि धाकटीला छळायची.

त्या वर्षी थंडीत ती आपला करडा ड्रेस घेऊन आली. "सैल झालाय ग. बघ, डाएट न करता! सुंठीवाचून खोकला गेला." टाचणीने कमरेला टेप लावला आणि मी पाहिलं, तिचा हात तिथेच थांबला. चार इंच कमी. कपड्यांत जन्म गेलेल्या बाईला टेप जे सांगतो ते डॉक्टर नंतर सांगतात. टाचणीने घाईघाईने ओठांत टाचण्या कोंबल्या.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी सांगितलं. थोरलीला नव्हे, दवाखान्याच्या बोळात तिच्या मुलीला आणि टाचणीला. उन्हाळा दिसणं कठीण आहे, म्हणाले. तिथेच, भिंतीला टेकून, मावशी-भाचीचं ठरलं की आईला सांगायचं नाही. ती खचेल. आहेत ते दिवस हसत जाऊ देत.

आणि मग टाचणीला ती कल्पना सुचली. शिवणकाम करणाऱ्या बाईलाच सुचेल अशी. थोरली रोज वाळत होती, तर कपडे सैल होणार, आरशात दिसणार, तिला कळणार. म्हणून भाचीने धुवायच्या कपड्यांतून दोन-दोन, तीन-तीन ड्रेस पिशवीत घालून दुकानात आणायचे, टाचणीने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्यायचे, आणि ते परत कपाटात जायचे. शिवण सरकली की जुन्या सुईची भोकं आतल्या बाजूला ओळीने उघडी पडतात. ती वाफ देऊन, ओलं फडकं ठेवून, दाबून मिटवायचं काम माझं. मी ते फार छान केलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता, ही लाज कुठे ठेवू? आतली माया मात्र टाचणीने कधी कापली नाही. शिवणीच्या आत सगळं कापड जसंच्या तसं दुमडून ठेवलं.

थोरली दर बुधवारी येतच राहिली. आधी चालत, मग मुलीच्या हाताला धरून. कपडे अंगाला बरोबर बसलेले, आणि वर चेहरा मात्र दर आठवड्याला लहान होत गेलेला. पान काढायची. सूर्य निघायचा, चांदणी निघायची, भरलेले पेले निघायचे.

"पुन्हा चांगलंच," ती म्हणायची. "काय ग धाकटे, तुझ्या पत्त्यांत वाईट काही नसतंच का?"

टाचणी मशीनवर वाकायची. ओठांत टाचण्या.

एकदा टाचणी दोरा आणायला गेली असताना थोरली माझ्याकडे वळून म्हणाली, "मुलीला विचारते, ती म्हणते काही नाही आई. डॉक्टरांना विचारते, ते मुलीकडे बघतात. म्हटलं पत्ते तरी बोलतील. मला थोडं बोलायचंय हो हिच्याशी. वाढवलंय मी हिला. पण मला बरं नाही असं म्हटलं की ही हवापाण्यावर येते." मी इस्त्रीत पाणी भरायला गेले. इस्त्रीत पाणी होतं.

वसंत सरत आला होता तो बुधवार. टाचणी एका गिऱ्हाइकाला घेऊन पडद्याआड होती. थोरली स्टुलावर बसून पत्ते मोजत होती. हळूहळू, ओठ हलवत. मग पुस्तिका उघडून यादीवरून बोट फिरवलं.

"सत्त्याहत्तर आहेत," ती मला म्हणाली. "तेरावं कुठंय?"

माझे डोळे गाढव. ते बटणांच्या डब्याकडे गेले. तिने डबा ओढला, मनगटापर्यंत हात घातला आणि पान काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. गिऱ्हाईक गेलं, टाचणी पडद्याबाहेर आली आणि तिला ते दिसलं.

"ये, बस," थोरली म्हणाली. "मी तीस वर्षं खिडकीत बसून लोकांना सांगितलं, तुमची गाडी इतक्याला सुटते. तुमची गाडी गेली, असंही सांगितलं. ऐकून कुणी मेलं नाही. माझीच गाडी कधी आहे ते मला सांगणारं कुणी नाही होय?"

"ताई, असं काय बोलतेस! तू बरी होशील," टाचणी म्हणाली.

"हा ड्रेस बघ." थोरलीने कुशीवरची शिवण उलटी करून दाखवली. "हा आईचा टाका. जगात दोन माणसांना येतो, आणि मी तर घातलेला नाही. आत घ्यायला मी हा एकदाच दिला होता, पुढचे टाके कुणाचे? अंग झिजतंय नि कपडे बसतायत, म्हणजे मला काय दूधखुळी समजलीस? पहिल्याच खेपेला कळलं मला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का ग?"

टाचणीचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला. एक ओठांत, दुसरी, तिसरी.

थोरलीने पान तिच्यापुढे सरकवलं. "घोड्यापुढे चौघं आहेत. राजा आधीच आडवा झालाय, मुकुट पडलाय. हा धर्मगुरू हात जोडून विनवतोय. ही मुलगी गुडघ्यावर बसलीय, पण तोंड फिरवून. आणि हे पोर बघ. एवढंसं आहे, पण घोडेस्वाराकडे सरळ वर बघतंय. हातात फूल आहे त्याच्या. मला ह्या पोरासारखं बघायचंय. एकटीने नाही जमत. तू ही मुलगी झालीयस, धाकटे. तोंड फिरवलेली."

मी इस्त्री उभी करून ठेवली. टाचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले.

"काढ त्या टाचण्या तोंडातून," थोरली म्हणाली. रागाने नव्हे. नऊ वर्षांच्या पोरीला सांगावं तसं.

टाचणीने काढल्या. एकेक करून उशीला टोचल्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि म्हणाली, "पुढच्या बुधवारी बोलू, ताई. आज तू दमलीयस."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने टाचणीचा गाल थोपटला आणि हसली. टेबल काही हललं नाही. "बरं," म्हणाली. "पुढच्या बुधवारी."

सोमवारी ती गेली.

मला तेव्हा टाचणीचा भयंकर राग आला होता. पाच दिवस होते मधे. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जाऊन नुसतं पायाशी बसली असती तरी चाललं असतं! मग आठवलं, मलाही कुणी अडवलं नव्हतं. थोरली माझ्याशी बोलली होती आणि मी पाणी भरायला गेले होते.

महिन्याभराने भाची आईचे सगळे कपडे दोन पिशव्यांत भरून घेऊन आली. कुणाला तरी देऊन टाका, म्हणाली. टाचणीने करडा ड्रेस वर काढला, भाचीकडे एकदा पाहिलं, आणि उसवायला बसली. भाची आईच्याच बांध्याची आहे. तीन वेळा आत घेतलेल्या शिवणी टाचणीने टाका टाका करून सोडल्या, दुमडलेलं कापड मोकळं केलं आणि सगळ्यात पहिल्या, जुन्या जागी नवी टीप मारली. मग ड्रेस माझ्या टेबलावर टाकला.

उसवताना ताण बसून भोकांच्या तीन ओळी दोन्ही कुशींवर पुन्हा स्वच्छ दिसत होत्या. मी सवयीने फडकं ओलं केलं.

"वाफ नको देऊस," टाचणी म्हणाली. "राहू दे ते."

भाचीने पडद्याआड जाऊन ड्रेस घातला. बरोबर बसला. ती आरशापुढे उभी राहिली तेव्हा टाचणी तिच्या बाजूला गुडघ्यावर बसली आणि कुशीवरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही थंडीतली," ती म्हणाली. "तेव्हा तुझी आई जिना एकटी उतरायची." बोट सरकलं. "ही दुसरी. तेव्हा तिला जेवण जात नव्हतं, आणि तिने ते आपल्याला सांगायचा प्रयत्न केला होता." मग तिसऱ्या ओळीवर, काखेपासून कमरेपर्यंत, तिने बोट अगदी सावकाश फिरवलं. "आणि ही शेवटची. हा ड्रेस घालून ती इथे ह्या स्टुलावर बसली होती. मला म्हणाली, मी मरतेय, माझ्याशी बोल."

तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.